नाचाचे लेखन



गाणे स्वरलिपीत उरते, तसा नाचही लिहून उरतो. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ साली त्याची लिपी प्रसिद्ध केली. ती पानाच्या तळापासून वर वाचतात. चिन्हाच्या आकारावरून दिशा आणि लांबीवरून वेळ कळतो. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये चार स्त्रियांनी तिच्यासाठी संस्था काढली. प्राथमिक, माध्यमिक, प्रगत अशा पायऱ्या चढलेली बाई डोळ्यांदेखतचा नाच लिहून काढते.

एवढी मेहनत कशाला? हान्या होम या बाईंनी ‘किस मी, केट’ नाटकातील नृत्ये बसविली होती. ती ॲन हचिन्सन यांनी लिहिली आणि १९५२ साली अमेरिकेत त्यांचा स्वामित्वहक्क नोंदला गेला. कागदावर आले, म्हणूनच ते श्रम हान्याबाईंचे ठरले.

आपल्याही हातचे लिहून ठेवावे, एवढे सांगून रजा घेते.