डोंबिवलीच्या फलाटावरची संख्या

मी राहतो ती द्वारका श्रीकृष्णाची नव्हे; दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेली आहे. येथील मेट्रोच्या फलाटावर रोज कचेरीची गाडी धरताना मला हटकून डोंबिवलीचे स्थानक आठवते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना तेथे एका संख्याकुलाची कल्पना सुचली आणि स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी त्या संख्यांना ‘डेमलो’ म्हटले.

त्या कुळातील एक संख्या कृपया कागदावर लिहून घ्या. एकापासून नवापर्यंत चढावे आणि तसेच एकापर्यंत उतरावे : १२३४५६७८९८७६५४३२१. ‘लीलावती’त परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत, ही सतरा स्थानांची, म्हणजे परार्धाच्या अलीकडच्या ‘मध्य’ स्थानी पोचणारी. नऊ एकांच्या, १११११११११ या संख्येचा हा वर्ग. तिच्या अंकांची बेरीज ८१. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवले, की ९९९९९९९९ येतात. आणि मध्ये उभा आहे तोही नऊच! टोकांच्या बेरजेत सर्वत्र जो अंक यावा त्याचाच मधला भाग असावा, हे डेमलो संख्येचे लक्षण. १६५ घ्या : एक आणि पाच सहा.

कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीस शाळामास्तर होते. त्यांच्या संशोधनाला क्षुल्लक म्हणून हसणारे गणितज्ञ येथे पुष्कळ निघाले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. आपल्या मास्तरांची ओळख आपल्याला परदेशी टपालाने व्हावी, हे मला आजही बोचते.

आक्षेप मात्र निराधार नव्हता. हा डौल संख्येचा नसून दशमान लेखनाचा आहे. ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव कोणत्याही पद्धतीत तेच राहतील. चढउतार राहणार नाही. परंतु तो चढउतार का होतो, हे विचारताच लेखनपद्धतीचे मर्म हाती येते. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना एकाखाली एक सरकत्या ओळी मांडाव्या लागतात. उभ्या रकान्यांच्या बेरजा एक, दोन, तीन अशा वाढत नवाला पोचतात नि उतरतात. कोठेही हातचा येत नाही. माझ्या शाळेत हातचा शिकवला; तो नसल्याने काय साधते, हे कोणी दाखवले नव्हते.

आता एक ‘एक’ वाढवून दहा एकांचा वर्ग करा. मधल्या रकान्यात दहा होतात. शून्य मांडून हातचा एक डावीकडच्या नवाला द्यावा लागतो. तोही दहा होतो, आणि त्याचा हातचा पलीकडच्या आठाला नऊ करतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला, उतरणीवरचा आहे तेथेच राहिला. आणि संख्या एकोणीस स्थानांची होऊन परार्धापलीकडे गेली.