कॅमेरा हातात घेतल्यावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बारावीचे निकाल लागले, की ओळखीपाळखीची मुलं आमच्याकडे येतात. कविता लिहिणाऱ्याकडे करिअरचा सल्ला मागावा, हे तसं नवलच. पण ‘सर, टीव्हीत जायचंय, काय करू?’ हा प्रश्न हमखास असतो. जाऊन काय करणार, असं विचारलं, की उत्तर येतं, ‘अँकर!’ पडद्यावर चेहरा एकाचा दिसतो. त्याच्यामागे कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, संकलक, निर्माता, लेखक अशी पलटण उभी असते. आज या मागच्या माणसांबद्दल आणि तिथवर नेणाऱ्या शिक्षणाबद्दल बोलू या.

आपल्याकडे टीव्ही वाढला तो रेडिओच्याच घरात. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, ते आकाशवाणीचा भाग म्हणून. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं १९७६ साली. सुरुवातीची मंडळी रेडिओतून, नाटकातून, साहित्यातून आली आणि काम करता करता शिकली. पण ही विद्या शिकवावी लागते, हे लवकरच ध्यानात आलं. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली होती. दिल्लीतला टेलिव्हिजन प्रशिक्षण विभाग १९७४ साली तिथे आला आणि दूरदर्शनचे कर्मचारी तिथे शिकू लागले. पुढे बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीही दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनिमुद्रण असे टीव्हीचे अभ्यासक्रम निघाले.

दुसरं उदाहरण दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचं. तिथले कुलगुरू अन्वर जमाल किडवाई यांनी १९८२ साली जनसंवाद केंद्र काढलं. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाची साथ होती आणि जेम्स बेव्हरिज यांच्यासारखा मुरलेला माहितीपटकार मदतीला होता. बरखा दत्त तिथल्याच. दिग्दर्शक कबीर खान तिथलेच; ते सुरुवातीला माहितीपटांसाठी कॅमेरा चालवत. शाहरुख खानही तिथे शिकायला होता, मात्र शिक्षण अर्धवट सोडून तो अभिनयाकडे वळला.

अशा ठिकाणी नेमकं काय शिकवतात? पहिला धडा अगदी साधा. कॅमेऱ्यासमोर कोरा पांढरा कागद धरायचा आणि पांढरं म्हणजे काय, ते कॅमेऱ्याला सांगायचं. याला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. दिव्याचा उजेड पिवळट, सावलीतला निळसर. आपला डोळा ते सांभाळून घेतो, यंत्राला सांगावं लागतं. हे विसरलात, तर नवरीचा हळदीचा रंग कावीळ झाल्यासारखा दिसतो!

मग आवाज. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करतात. दोन वाक्यं जोडताना मधल्या फटीत तीच शांतता भरायची असते. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, हे पुस्तकात वाचून पटत नाही. हेडफोन लावल्यावर पटतं.

मग संकलन. आपल्याकडच्या टीव्हीत एका सेकंदाला २५ फ्रेम. त्यातल्या चार-पाच इकडेतिकडे झाल्या, तरी माणसाचा श्वास मध्येच तुटतो. मात्रा मोजणाऱ्या माणसाला हे काम ओळखीचं वाटेल.

आणि लेखन. पडद्यावर पुराचं पाणी दिसत असताना ‘सर्वत्र पाणीच पाणी’ असं कशाला सांगायचं? पाणी कोणत्या धरणातून सुटलं, किती घरांत शिरलं, माणसं कुठे हलवली, ते सांगा. जे दिसत नाही, ते शब्दांनी द्यायचं.

याच टेबलावर आणखी एक गोष्ट शिकायला मिळते आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. मी मराठीत लिहिणारा मुसलमान. ईदची बातमी असो, दंगलीची असो की शिष्यवृत्तीची, पडद्यावर तीच गल्ली आणि त्याच टोप्या अनेकदा पाहिल्या आहेत. कपाटातला जुना तुकडा घाईत चिकटवलेला असतो. ज्यानं स्वतः शेकडो तुकडे जोडून पाहिलेत, त्याला कळतं, की शब्द तेच ठेवून मागचं चित्र बदललं तर अर्थ बदलतो. असा मुलगा ‘संग्रहित’ असं लिहील किंवा तो तुकडा लावणारच नाही. म्हणून या खोलीत सगळ्या वस्त्यांतली मुलं असायला हवीत. परभणीची, पालघरची, ज्यांच्या घरात वर्तमानपत्रही येत नाही अशीसुद्धा.

मराठीत या शिक्षणाची गरज अचानक वाढली. अल्फा मराठी १९९९ साली आली, ईटीव्ही मराठी २००० साली. २००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ साली आयबीएन लोकमत. यांतल्या बऱ्याच वाहिन्यांची नावं आता बदलली आहेत, पण बातमी चोवीस तास चालवायची तर माणसंही तीन पाळ्यांची लागतात, हे तेव्हा कळलं. मागणीबरोबर गल्लोगल्ली ‘मीडिया अकादमी’च्या पाट्याही लागल्या. कर्ज काढून, आईचे दागिने गहाण टाकून फी भरलेली मुलं मी पाहिली आहेत. हाती आलं ते चकचकीत प्रमाणपत्र. वर्षभरात कॅमेऱ्याला चार वेळाही हात लागला नव्हता.

तेव्हा पालकांनो, फी भरण्याआधी बेधडक विचारा. कॅमेरे किती, विद्यार्थी किती? संकलनाचं यंत्र रोज किती तास मिळतं? शिकवणारा स्वतः कधी वाहिनीत राबला आहे का? गेल्या वर्षीच्या मुलांनी काय केलं, ते दाखवा. दाखवायला काही नसेल, तर नमस्कार करून बाहेर पडा.

नोकरीबद्दलही खरं सांगायला हवं. सुरुवात उमेदवारीनं होते. पगार तुटपुंजा, रात्रपाळी, करार वर्षाचा. पण ज्याला शूटिंग, संकलन आणि लेखन तिन्ही येतं, तो अडून राहत नाही. वाहिनीत नाही जमलं, तर माहितीपट आहेत, शैक्षणिक कार्यक्रम आहेत, मालिका आहेत, इंटरनेटवरचं काम आहे.

मुलांनो, प्रवेश मिळेपर्यंत थांबूही नका. मोबाइल हाताशी असतोच. आपल्या गावच्या आठवडी बाजारावर तीन मिनिटांची फिल्म करा. त्यात एक मुलाखत घ्या, बाजाराचा आवाज नीट घ्या, निवेदन स्वतः लिहा. मग ती अनोळखी माणसाला दाखवा आणि त्याला काय समजलं, ते विचारा. नाही समजलं, तर पुन्हा जोडा. मुलाखतीला जाताना तीच फिल्म सोबत न्या.