मूत्रपिंडाचा कर्करोग आणि शस्त्रक्रिया

कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेल्या कराड येथें १९८४ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याच्या कितीतरी आधीं, १८९४ सालीं, मिरजेस डॉ. वॉनलेस यांचें रुग्णालय सुरू झालें होतें. आतां शस्त्रवैद्य पूर्वींइतका दूर राहिलेला नाहीं. परंतु निर्णयाचें ओझें मात्र कायम आहे. मूत्रपिंडांत कर्करोगाची गांठ आहे असें कळतांच घरांतील वडील मंडळी म्हणतात, "सगळेंच काढून टाका." हा सल्ला मायेचा खरा, पण प्रत्येक वेळीं हिताचा असतोच असें नाहीं.

१८६९ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें गुस्टाफ सिमोन या शस्त्रवैद्यानें, आधीं कुत्र्यांवर प्रयोग करून, एका स्त्रीचें मूत्रपिंड काढलें. तिला कर्करोग नव्हता. पण ती बरी झाली आणि एका मूत्रपिंडावर मनुष्य जगूं शकतो हें सिद्ध झालें. पुढें कर्करोगांतही मूत्रपिंड व त्याभोंवतालची चरबी समूळ काढणें हाच दीर्घकाळ राजमार्ग ठरला.

मात्र मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाचें उरलेलें मूत्रपिंड पुढें थकण्याचा संभव असतो. म्हणून गांठ चार सेंटिमीटरपर्यंतची असून जागा सोयीची असेल, तर तेवढाच भाग काढून बाकीचें मूत्रपिंड राखणें आज श्रेयस्कर मानतात. याकरितां रक्तवाहिनी बहुधा थोडा वेळ चिमट्यानें बंद करतात, गांठ कापून काढतात आणि जखम टांक्यांनीं शिवतात. काम नाजूक आहे. रक्तस्राव किंवा मूत्रगळती होण्याचें भय असतें. कांहीं वेळां सात सेंटिमीटरपर्यंतच्या गांठींतही हा मार्ग साधतो.

गांठ मोठी असली, किंवा रोग मुख्य शिरेंत शिरला असला, तर बहुधा संपूर्ण मूत्रपिंडच काढावें लागतें. १९९० सालीं अमेरिकेंत तें प्रथम दुर्बिणीच्या साहाय्यानें, लहान छिद्रांतून काढण्यांत आलें. त्यामुळें वेदना कमी होतात व रोगी लवकर हिंडूं-फिरूं लागतो. परंतु मोठ्या रोगाला उघडी शस्त्रक्रिया अजूनही लागते. अशक्त वृद्धाची लहान गांठ गोठवून वा तापवून नष्ट करतां येते, अथवा ठराविक काळानें तपासून नुसती नजरेखालीं ठेवतां येते.

तेव्हां शस्त्रवैद्याला तीन प्रश्न अवश्य विचारावे: गांठ केवढी? दुसरें मूत्रपिंड कसें आहे? याचा कांहीं भाग वांचेल काय? आणि लघवींत एकदांच, वेदनेवांचून रक्त दिसलें, तरी उष्णतेचा विकार म्हणून घरांत स्वस्थ बसूं नये.