आधी गोळी की आधी जेवण?

आम्ही मुलुंडच्या बायका. इथे कामावर, दवाखान्यात थोडंफार इंग्रजी बोलावंच लागतं. एकेक वाक्य जमतं. अडतं ते घडलेल्या दोन गोष्टी जोडताना.

आपण म्हणतो, 'भाकरी करून, डबा भरून मी घाटकोपरला गेले.' भूतकाळ फक्त शेवटच्या 'गेले'मध्ये. इंग्रजीत 'अँड'ने जोडलं की प्रत्येक क्रियापद भूतकाळात हवं: 'आय मेड भाकरी, पॅक्ड द डबा अँड वेंट टू घाटकोपर.'

आपल्या 'जरी'ला 'तरी' लागतोच, म्हणून 'ऑल्दो'बरोबर तोंडातून 'बट'ही निघतं. तिथे एकच पुरतं: 'इट रेन्ड, बट आय वेंट.' पाऊस होता, पण गेले.

खरी काळजी 'बिफोर'ची, म्हणजे 'आधी'ची. आपला 'आधी' नंतर येतो: जेवायच्या आधी. इंग्रजीत तो अगोदरच येतो: 'बिफोर आय एट.' आता हे ऐका: 'आय टूक द टॅब्लेट बिफोर आय एट.' टॅब्लेट आणि बिफोर शेजारी आले, की मराठी कानाला वाटतं, गोळीच्या आधी जेवण झालं. अर्थ नेमका उलटा! गोळी उपाशीपोटी घेतली. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बाईने हे डॉक्टरांना उलटं सांगितलं, तर काय होईल?

'बिफोर', 'आफ्टर' यांच्यामागून जे शब्द येतात, त्यांच्याशीच त्यांची गाठ. तरी गोंधळ होत असेल, तर जसं घडलं त्याच क्रमाने सांगा: 'आय टूक द टॅब्लेट, अँड देन आय एट.' डॉक्टरांना एवढं पुरतं.