मजबूत सरकार, पण कुणाच्या पाठीशी?

(डिसेंबर १९७९ मध्ये शहादे तालुक्यातल्या कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण. गावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)

बायांनो, भावांनो आणि तरुण मंडळातल्या पोरांनो,

येत्या ३ आणि ६ जानेवारीला लोकसभेचं मतदान आहे. जीपगाड्या फिरू लागल्यात, भोंगे वाजू लागलेत. गावोगावच्या बैठकांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. माणसं म्हणतात, "रॉकेल मिळत नाही, साखर परवडत नाही. दिल्लीत सव्वा महिन्यात दोन पंतप्रधानांनी राजीनामे दिले. त्यापेक्षा आणीबाणी बरी होती. सावकार घाबरून होता, भाव उतरले होते. आता एकदा मजबूत सरकार येऊ द्या."

असं बोलणारे कोणी बागायतदार नाहीत, आपलीच माणसं आहेत. म्हणून त्यांना हसून चालणार नाही, गप्प बसवून तर नाहीच नाही. त्यांचं म्हणणं आज नीट तपासून बघू या.

आधी महागाई घ्या. ती खरी आहे. इराणमध्ये लोक शहाविरुद्ध उठले, तिथून येणारं तेल कमी झालं, जगभर तेलाचा भाव चढला. त्याची झळ आपल्या चिमणीपर्यंत आली. गेल्या साली ऑगस्टमध्ये साखरेवरचं नियंत्रण उठवलं. आधी भाव कोसळला, मग ऊस कमी लागला आणि यंदा भाव वर गेला. फेब्रुवारीच्या अंदाजपत्रकात अबकारी कर वाढवले. त्यात उत्तरेत पावसाने दगा दिला. माल कमी आहे असं दिसलं की व्यापारी कोठाराला कुलूप लावतो. या सगळ्यात मजुरी किती वाढली? सालदाराचं साल वर्षातून एकदा ठरतं आणि भाव दर आठवड्याच्या बाजारात ठरतो. मारला जातो तो इथे.

आता दुसरी गोष्ट. आणीबाणीने भाव उतरवले का? तारखा बघा. आणीबाणी जाहीर झाली २५ जून १९७५ च्या रात्री. भाव उतरायला लागले होते सप्टेंबर १९७४ नंतर, म्हणजे नऊ महिने आधी. आणि १९७५ चा पाऊस उत्तम झाला, देशात भरपूर पिकलं. पाऊस काही दिल्लीच्या हुकमाने पडत नाही. मजबूत सरकारने त्या वेळी स्वतःच्या हाताने काय केलं? कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. नसबंदीच्या कँपसाठी माणसं गोळा केली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळात तर सक्तीच्या नसबंदीचं बिल पास झालं होतं. ते अमलात आलं नाही, पण आणणारे तयार होते. आणि लोकसभेची मुदत संपली तेव्हा निवडणूक घेण्याऐवजी मुदतच दोनदा वाढवून घेतली.

"पण कायदे चांगले झाले ना?" असंही लोक विचारतात. झाले. ऑगस्ट १९७५ मध्ये कर्जमुक्तीचा वटहुकूम निघाला. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करायचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन त्यात परत मागता येते. हा कायदा आपल्या कामाचा आहे, त्याला आपण नावं ठेवणार नाही.

पण तो चालला कसा ते बघा. अर्ज करायला कायद्याने मुदत दिली तीन वर्षं, म्हणजे छत्तीस महिने. त्यातले पहिले जवळजवळ सतरा महिने आणीबाणीत गेले. त्या काळात सभा बंद, मोर्चा बंद, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. चळवळीतली माणसं मिसाखाली आत. कायदा काय आहे ते गावात जाऊन सांगायचं कोणी? ज्याला सातबारा वाचता येत नाही त्याने अर्ज लिहायचा कुणाकडून? ज्याने जमीन बळकावली त्याच्याच ओसरीवर तलाठी बसलेला. शिवाय जमीन परत घेताना आकारणीच्या ४८ पट रक्कम भरायची, वर सुधारणांची किंमत वेगळी. हे हप्त्याने भरता येतं, पण ते सांगणाराही गावात नव्हता. कर्जमुक्तीचंही तसंच. जुनं कर्ज कागदावर सुटलं, पण पावसाळ्यातली खावटी कुठून आणायची याची सोय लावली नाही. मग त्याच सावकाराकडे मागच्या दाराने जावं लागलं, आणि मागच्या दाराचं व्याज नेहमीच जास्त असतं.

म्हणजे वरून कायदा दिला आणि खाली तो धरायचे हात बांधून ठेवले.

आता याच तालुक्यातली उलट गोष्ट आठवा. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमिमुक्तीचा मेळावा झाला. तेव्हा जमीन परतीचा कायदा नव्हता. पीक संरक्षणाच्या नावाखाली बागायतदारांचे रखवालदार घोड्यावरून फिरत होते. तरी अंबरसिंग महाराजांबरोबर माणसं उभी राहिली, गावागावात जुने कागद बाहेर काढले, गहाण पडलेली शेतं मोजली, आणि कित्येकांनी आपली जमीन पुन्हा नांगरली. दिल्लीत किंवा मुंबईत सरकार मजबूत आहे का दुबळं, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. आपण जमू शकत होतो, बोलू शकत होतो, म्हणून ते झालं.

रोजगार हमीचा कायदा घ्या. विधिमंडळात चर्चा होऊन तो पास झाला आणि यंदा २६ जानेवारीपासून लागू झाला. पन्नास मजुरांनी काम मागितलं तर नवं काम काढावं लागतं. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर रोजचा एक रुपया बेकारी भत्ता द्यावा लागतो. आता हे पन्नास जण गोळा करणार कोण? साहेब करणार नाही. गावच्या चौकात बसून आपणच करणार. आणि चार माणसं जमली म्हणून पोलीस पाटील ठाण्यावर वर्दी देत असेल, तर हा कायदाही कपाटातच राहील. माझं म्हणणं एवढंच आहे की गरिबाच्या बाजूचा कुठलाही कायदा जमावाशिवाय चालत नाही. ज्या सरकारला आपला जमाव चालत नाही, त्याने कायदा दिला तरी तो अर्धाच असतो.

मग जनता राजवट चांगली होती का? तसंही म्हणता येत नाही. मिसा रद्द झाला, तुरुंग उघडले, हे १९७७ च्या मतांनी केलं. मताला किंमत नाही म्हणणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं. पण त्याच राजवटीत एप्रिल १९७८ मध्ये पंतनगरला शेतमजुरांवर गोळीबार झाला. खुर्चीवरचे भांडत राहिले आणि खालचा नाकेदार होता तसाच राहिला. दांडा, कोंबडी आणि दंडाची पावती, तिन्ही चालू.

आणि आता बघा. लोकसभा ऑगस्टमध्येच बरखास्त झाली. दिल्लीत आहे ते काळजीवाहू सरकार. त्याने ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढला की काळाबाजार करणाऱ्याला खटला न चालवता अटकेत ठेवता येईल. ऐकायला गोड वाटतं. साठेबाज आत गेला तर आपण गूळ वाटू. पण साठेबाजाविरुद्ध साधा कायदा आधीपासून आहे. त्याखाली धाड घाला, खटला भरा, माल रेशनवर आणा. ते करत नाहीत. मिसा आणला तेव्हाही देशाच्या सुरक्षिततेचं नाव घेतलं होतं, आणि आत कोण गेलं ते आपल्याला माहीत आहे. खटल्याशिवाय आत टाकायची सवय सरकारला एकदा लागली की ती आधी व्यापाऱ्याच्या दारात जात नाही, आपल्या झोपडीशी येते. आजच बघा ना, मजुरी वाढवून मागितली की १०७ चा चॅप्टर, मोर्चा ठरला की १४४. हे सगळं दुबळ्या सरकारच्या काळात चाललंय! म्हणजे आपल्यापुरतं सरकार कधीच दुबळं नसतं. ते दुबळं असतं फक्त बागायतदारापुढे, ठेकेदारापुढे.

म्हणून "मजबूत सरकार हवं का?" हा प्रश्नच अपुरा आहे. मजबूत कुणासाठी, ते विचारा. जमीन परतीचा हुकूम झाल्यावर ताबा द्यायला मजबूत हवं. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावं घालणाऱ्याला पकडायला मजबूत हवं. आणि लोकांनी जाब विचारला की उत्तर द्यायला बांधलेलं हवं.

कुणाला मत द्यायचं ते या शिबिरातून सांगणार नाही. ते गावाने बसून ठरवावं. पण नंदुरबारची जागा राखीव आहे म्हणून उमेदवार आपल्यातला असणार, एवढ्याने भुलू नका. तिकीट कुणाच्या बंगल्यावर ठरलं तेही बघा. उमेदवार गावात आला की त्याला ओट्यावर बसवा, पाणी द्या आणि सगळ्यांसमोर तीन प्रश्न विचारा.

एक. खटल्याशिवाय अटकेत ठेवायच्या कायद्याला लोकसभेत तुम्ही हात वर करणार का खाली ठेवणार?

दोन. आमच्या गावात जमीन परतीचे इतके हुकूम झालेत, ताबा इतक्यांना मिळाला नाही, ही यादी. यातल्या किती शेतांत तुम्ही आमच्याबरोबर उभे राहाल? यादी मतदानाआधी तयार पाहिजे. ज्यांच्याकडे हुकमाचा कागद आहे त्यांनी तो गावच्या समितीला दाखवावा, नक्कल करून ठेवावी. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नये.

तीन. २७ डिसेंबर १९७८ चा सरकारी ठराव आहे. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची म्हणतात. मग फॉरेस्ट प्लॉटवरचं पीक नाकेदार अजून का उपटतो?

उत्तरं पोरांनी वहीत उतरवून घ्यावीत. बायांनी पुढे बसावं, कारण रेशनच्या रांगेत त्या उभ्या असतात आणि रॉकेलचा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो. दारू आणि पाच रुपये घेऊन कुणी आलं तर त्याचं नावही त्याच वहीत लिहा.

जानेवारीत निकाल लागेल. सरकार कोणाचंही येवो, त्याच महिन्यात गावची बैठक घ्या आणि वही पुन्हा उघडा. पन्नास नावांचा कामाचा अर्ज तयार ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

जिंदाबाद.