सैनिकांच्या कथा : इतिहास, दंतकथा आणि विनोद

(हरमल, तालुका पेडणे येथील व्याख्यानाचा मजकूर)



रापणीतून निसटलेला मासा दर सांगण्यागणिक मोठा होत जातो, हे हरमलच्या किनाऱ्यावरील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. रणांगणावरून परतलेल्या सैनिकाच्या कथेचेही पुष्कळदा असेच होते. पहिल्या वर्षी तोफेचा गोळा फर्लांगभर दूर पडलेला असतो. दहाव्या वर्षी तो खंदकाच्या काठाशी येतो. आणि नातवंडे जाणती होईपर्यंत तो टोपीला चाटून गेलेला असतो. ऐकणारे हसतात आणि सांगणाराही मिशीतल्या मिशीत हसतो. या हसण्यात अनादर नसतो. परंतु कथा ऐकून हसणे वेगळे आणि कथा हसण्यावारी नेणे वेगळे. पहिल्याने म्हातारा सैनिक बोलता होतो, दुसऱ्याने तो कायमचा गप्प होतो.

१९६१ साली विशीत असलेला जवान आज पंच्याऐंशीच्या घरात आहे आणि १९७१ च्या युद्धातील तरुण पंच्याहत्तरीला आले आहेत. दुसऱ्या महायुद्धात लढलेले तर आता क्वचितच आढळतात. म्हणून या कथांचे मोल काय, त्यांतील खरे किती, कल्पित किती आणि कल्पितालाही अर्थ असतो काय, या प्रश्नांचा विचार आताच होणे अगत्याचे आहे.

पेडण्याच्या वेशीवर

पेडणे तालुक्याला लढाईच्या आठवणी नव्या नाहीत. हरमलच्या उत्तरेस केरीचा किनारा आणि त्यापलीकडे तेरेखोल नदीच्या मुखावर उभा असलेला किल्ला येथील सर्वांच्या परिचयाचा आहे. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींच्या तुकडीने या किल्ल्यावर भारताचा तिरंगा फडकविला. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, याच तालुक्यातील पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि पंजाबातून आलेल्या कर्नेलसिंग बेनिपाल यांनी तेथे प्राणार्पण केले. शस्त्र न घेता गोळीसमोर उभी राहिलेली ही माणसे रूढ अर्थाने सैनिक नव्हती. तथापि शौर्यकथा सांगताना त्यांना वगळून पेडण्याचा इतिहास पुरा होत नाही.

त्यानंतर डिसेंबर १९६१ मध्ये 'ऑपरेशन विजय' झाले. मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या पायदळ विभागाने पूर्वेकडून मुख्य चढाई करावी आणि ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने उत्तरेकडून साहाय्यक चढाई करावी, अशी मूळ योजना होती. प्रत्यक्षात दोडामार्गाहून निघालेली ही उत्तरेची फौज इतक्या वेगाने सरकली की, १८ डिसेंबरच्या संध्याकाळी तिचे जवान मांडवीच्या काठी बेतीला पोहोचले आणि १९ डिसेंबरच्या सकाळी पणजीत शिरले. याच ब्रिगेडमधील मराठा जवानांची पलटण उसगावमार्गे फोंड्याकडे गेली होती.

या प्रसंगातील विनोद सैनिकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. विमानातून उडी मारण्याचे शिक्षण घेतलेली ही फौज गोव्यात उतरली ती आकाशातून नव्हे, तर रस्त्याने आणि पायवाटेने. तिच्या प्रमुखाची गोष्ट त्याहून गमतीची आहे. सगतसिंग मुळात छत्रीधारी सैनिक नव्हते. ब्रिगेडची सूत्रे हाती आली तेव्हा त्यांनी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आपल्या हाताखालील पोरसवदा जवानांप्रमाणे, रीतसर उड्या मारून छत्रीधारी सैनिकाचे चिन्ह मिळविले. ज्याला हुकूम द्यावयाचा त्याच्याबरोबर आधी स्वतः उडी घ्यावयाची, हा त्यातील बोध जवानांनी हसत हसतच ओळखला.

इनामाची आणि चोरिसांची कथा

सगतसिंगांविषयी लष्करात एक कथा सांगितली जाते. गोवामुक्तीनंतर काही महिन्यांनी ते आग्र्याच्या एका हॉटेलात बसले असता काही अमेरिकन प्रवासी त्यांच्याकडे टक लावून पाहू लागले. अखेरीस एकाने जवळ येऊन विचारले, आपण ब्रिगेडियर सगतसिंग काय? होकार मिळताच त्याने सांगितले की, लिस्बनच्या उपाहारगृहांतून त्यांचे चित्र लावलेले असून त्यांना पकडून देणाऱ्यास दहा हजार डॉलरचे इनाम जाहीर झाले आहे. त्यावर सगतसिंगांनी, हवे तर आत्ताच तुमच्याबरोबर येतो, असे उत्तर दिले. प्रवाशांनी हसून सांगितले की, त्यांना परत लिस्बनला जावयाचे नाही. ही कथा सांगणाऱ्यागणिक थोडीबहुत बदलते. मात्र ती ज्या सेनानीविषयी सांगितली जाते, त्यानेच १९७१ साली मेघना नदी हेलिकॉप्टरच्या साहाय्याने ओलांडून ढाक्याचा मार्ग मोकळा केला, हे इतिहासातच नमूद आहे.

पराभूत बाजूचीही एक कथा आहे आणि गोमंतकीयांना तिची चव चटकन कळेल. भारतीय रणगाड्यांना तोंड देण्यासाठी पोर्तुगीज सैन्यास रणगाडाविरोधी दारूगोळा हवा होता. गुप्त संदेशात त्यासाठी योजलेला सांकेतिक शब्द होता चोरिस, म्हणजे मसाला घालून आतड्यात भरलेले डुकराचे मांस. लिस्बनमधील कोणा कारकुनाने तो शब्द अक्षरशः घेतला आणि विमानाने खरेखुरे चोरिसच रवाना झाले, असे सांगतात.

हे सारे जसेच्या तसे घडले की नाही, हा वाद येथे गौण आहे. सालाझार यांनी गोव्यातील आपल्या अपुऱ्या सैन्यास अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता आणि रणगाड्यांशी लढण्यास पुरेशी साधने मात्र दिली नव्हती. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो हुकूम बाजूला सारला आणि व्यर्थ रक्तपात टाळून १९ डिसेंबर १९६१ रोजी शरणागती पत्करली. मायदेशी त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांचा मान त्यांना परत मिळाला. पुढे १९८० साली ते गोव्यास आले तेव्हा येथील लोकांनी त्यांचे अगत्याने स्वागत केले. चोरिसांच्या कथेत शिपायाची भूक नाही, तर त्याचे दुःख आहे. आपण मागतो काय आणि दूर राजधानीत बसलेल्यांना ऐकू येते काय, ही व्यथा उघड बोलता येत नाही तेव्हा सैनिक ती विनोदात गुंडाळून सांगतो.

मुरगावचे प्रौढ घोडेस्वार

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. त्यामुळे एरेनफेल्स, द्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज मुरगाव बंदरात आश्रय घेऊन राहिली होती. एरेनफेल्सवरील बिनतारी यंत्रावरून ब्रिटिश जहाजांच्या हालचाली जर्मन पाणबुड्यांना कळविल्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येत नव्हता. तेव्हा हे काम सोपविण्यात आले ते 'कलकत्ता लाइट हॉर्स' या राखीव दलावर. या दलातील बहुतेक मंडळी कचेऱ्यांतील आणि व्यापारी पेढ्यांतील होती. पुष्कळांची उमर उतरणीला लागली होती आणि कमरेचे पट्टे आखूड पडू लागले होते. फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या संथ बार्जमधून ही मंडळी मुरगावला आली. ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी एरेनफेल्सवर चढाई केली आणि चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी बुडविली.

या माणसांना पदके मिळाली नाहीत आणि बोलण्याची मुभाही मिळाली नाही. जवळजवळ ३५ वर्षे ही हकिकत गुप्त राहिली आणि १९७८ साली जेम्स लीझर यांच्या पुस्तकाने ती जगापुढे आली. नाव घोडदळाचे आणि पराक्रम समुद्रातला, म्हणून या मंडळींनी समुद्री घोडा हे आपले चिन्ह ठरविले. सरकारने न दिलेला मान त्यांनी स्वतःच असा हसत हसत घेतला. त्या पराक्रमाचा युद्धावर परिणाम किती झाला, याविषयी मतभेद आहेत. मात्र जे खरोखर काही करून येतात ते अनेकदा सर्वांत कमी बोलतात, हे येथेही दिसते.

वेतोबाच्या वहाणा आणि बाबांचे बूट

हरमलहून तेरेखोल ओलांडून थोडे उत्तरेस गेले की वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचे श्री देव वेतोबाचे स्थान लागते. भाविक तेथे मोठमोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात. देव रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्यामुळे त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. कोकण आणि गोमंतकातील गावोगावचा राखणदार असाच रात्री फिरणारा आहे.

आता हिमालयाकडे पाहावे. पूर्व सिक्कीममध्ये नाथू ला परिसरात १९६८ साली मृत्यू पावलेले जवान हरभजनसिंग यांचे मंदिर आहे. 'बाबा' अजूनही सरहद्दीवर गस्त घालतात, सकाळी त्यांच्या बुटांना चिखल लागलेला आढळतो, असे तेथील जवान सांगतात. अनेक वर्षे दर सप्टेंबरात त्यांचे सामान रजेवर निघालेल्या सैनिकाप्रमाणे रेल्वेने त्यांच्या गावी नेले जात असे. कोकणातील देवाच्या झिजलेल्या वहाणा आणि सिक्कीममधील शिपायाचे चिखललेले बूट ही एकाच मनाची दोन रूपे आहेत. निर्जन जागी, गोठविणाऱ्या थंडीत पहारा करणाऱ्याला आपल्याही मागे कोणी जागे आहे असे वाटणे, ही त्याची गरज असते. अशा श्रद्धेची टिंगल करणे सोपे आहे. त्या चौकीवर एक रात्र काढणे सोपे नाही.

तथापि दंतकथेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. नोव्हेंबर १९६२ मध्ये नुरानांग येथे चौथ्या गढवाल रायफल्सचे जसवंतसिंग रावत यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. लोककथेत ते एकटे तीन दिवस शत्रूला थोपवितात. प्रत्यक्षात शत्रूच्या मशीनगनवर ते त्रिलोकसिंग नेगी व गोपालसिंग गुसाईं या दोन साथीदारांसह चालून गेले. त्रिलोकसिंगही धारातीर्थी पडले आणि गोपालसिंग जबर जखमी होऊन वाचले. कथा एका वीराला देवपदी चढविते तेव्हा त्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेले दोघे नकळत विसरले जातात. ही हानी लहान नाही.

१९१४ साली लंडनच्या एका वृत्तपत्रात आर्थर मॅकेन या लेखकाने मॉन्सच्या लढाईत जुन्या काळचे धनुर्धारी ब्रिटिशांच्या मदतीला धावून आल्याची कल्पित कथा लिहिली. लवकरच धनुर्धाऱ्यांचे देवदूत झाले आणि ते अनेकांनी डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले जाऊ लागले. ही आपली कल्पना आहे, असे लेखकाने परोपरीने सांगितले. लोकांनी त्याचेच म्हणणे खोटे ठरविले.

आणि कित्येकदा सत्याला कल्पनेची गरजच नसते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीकाठी मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी गोळीबारात जखमी सोबत्यांना नदीपार नेले, परत फिरून शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील या शेतकरी शिपायाच्या हकिकतीत वाढवून सांगण्यास जागाच उरत नाही.

हसावे कसे आणि टिपावे कसे

निवृत्त सैनिकावरील विनोद मराठी घरांना परिचित आहे. पहाटे पाचला उठून घरभर हुकूम सोडणारे आजोबा, मुलांची रांग लावणारे सुभेदारकाका, मराठीत अर्धी फौजी हिंदी मिसळून बोलणारे हवालदार यांच्यावर घरचे लोक प्रेमाने हसतात. या विनोदाची मर्यादा सैनिकांनी स्वतःच आखलेली आहे. ते लंगरातील डाळीवर हसतात, न बसणाऱ्या बुटांवर हसतात, साहेबावर हसतात, सर्वांत अधिक स्वतःच्या भीतीवर हसतात. पडलेल्या सोबत्यावर मात्र हसत नाहीत. ऐकणाऱ्यांनी तीच मर्यादा पाळावी, म्हणजे विनोद आदरपूर्वक राहतो.

अशा कथा टिपून ठेवण्यास फार खर्च लागत नाही. गावातील शाळा, वाचनालय किंवा पंचायत यांनी पुढाकार घेतल्यास हे काम होण्यासारखे आहे. सैनिकाने काय स्वतः पाहिले, काय दुसऱ्याकडून ऐकले आणि काय तो मनाने मानतो, या तीन गोष्टी वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात. पलटण, ठिकाण आणि साल विचारून घ्यावे. सोबत्यांची नावे आवर्जून विचारावीत, कारण दंतकथेत प्रथम हरवतात ती सोबत्यांचीच नावे. चारचौघांत त्याची चूक काढू नये. तपशिलाची शहानिशा नंतर कागदपत्रांवरून करता येते. घरातील वृद्ध स्त्रीकडेही विचारणा व्हावी. पत्र न आल्याचे महिने तिच्याइतके अचूक कोणाला आठवणार नाहीत.

सत्याग्रहींच्या आठवणींनाही हीच रीत लागू आहे. तेरेखोल आणि पत्रादेवी येथील प्रसंग पाहिलेले किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले लोक पेडण्याच्या गावांतून अजून भेटू शकतील. त्यांच्याजवळ बसण्यास एखाद्या राष्ट्रीय दिनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

गोळा टोपीला चाटून गेला की फर्लांगभर दूर पडला, हे ठरविण्यास पुढे इतिहासकार आहेत. तो पडला तेव्हा शेजारी कोण होते, हे मात्र त्या म्हाताऱ्यालाच ठाऊक आहे. येत्या चतुर्थीला घरी जमणाऱ्या मुलानातवंडांनी आरतीनंतर ओसरीवर त्याच्यापाशी बसावे, गोष्ट पुन्हा एकदा सांगावयास लावावी, हसू आले तर हसावे आणि त्या शेजाऱ्याचे नाव वहीत लिहून घ्यावे.