मोबाईल ॲपमधील संकेतस्थळ : खर्च कोणाचा?



ई-प्रशासनाचा अभ्यास करताना योजनांची नावे आणि वर्षे सहज लक्षात राहतात. परंतु शासकीय सेवा नागरिकाच्या हातातील फोनपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते व त्या मार्गाचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न बहुधा मागे राहतो.

राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेस मे २००६ मध्ये मान्यता मिळाली. २०१५ साली ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रम सुरू झाला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये विविध विभागांच्या सेवा एकत्र आणणाऱ्या ‘उमंग’ ॲपचे लोकार्पण झाले. संगणकाकडून मोबाईलकडे असा हा प्रवास आहे.

ॲपमधून सेवा देण्याच्या प्रमुख पद्धती दोन. पहिल्या पद्धतीत अर्जाचे रकाने, बटणे व मांडणी फोनसाठी स्वतंत्रपणे तयार केली जाते आणि केवळ आवश्यक माहिती सर्व्हरवरून मागविली जाते. दुसऱ्या पद्धतीत ॲप ही निव्वळ चौकट असते. ‘वेबव्ह्यू’ नावाचा घटक संकेतस्थळावरील पान इंटरनेटवरून आणून त्या चौकटीत दाखवितो.

दुसरी पद्धत विभागाला स्वस्त पडते. अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींसाठी तेच पान चालते. नियम किंवा शुल्क बदलल्यास सर्व्हरवर एकदाच दुरुस्ती पुरते. नागरिकाला ॲप अद्ययावत करावे लागत नाही. बाजारभाव, परीक्षांचे निकाल यांसारख्या वारंवार बदलणाऱ्या माहितीसाठी ती सोयीचीच आहे.

मात्र पान मूळचे संगणकासाठी रचलेले असेल तर वाचलेला खर्च नागरिकाकडे सरकतो. अक्षरे बारीक दिसतात, डेटा अधिक खर्च होतो आणि दुर्गम भागात संपर्क तुटल्यास अर्धा भरलेला अर्ज पुसला जाण्याची भीती असते. अर्थशास्त्रात यास व्यवहार खर्च म्हणतात. एका व्यक्तीपुरता तो क्षुल्लक वाटतो. लाखो अर्जदारांचा विचार करता तसा राहत नाही. ज्याला तो झेपत नाही, तो मध्यस्थाकडे वळतो.

सुरक्षिततेचा प्रश्नही आहे. अशा चौकटीत अनेकदा संकेतस्थळाचा पत्ता दिसत नाही, त्यामुळे पान खरे की बनावट हे ओळखणे कठीण जाते. शिवाय चौकट पुरविणारे ॲप पानावर टंकलेला संकेतशब्द वाचू शकते. याच प्रकारच्या धोक्यांमुळे गूगलने २०१६ मध्ये घोषणा करून २०१७ पासून अशा चौकटींतून आपल्या खात्यात प्रवेश देणे बंद करण्यास आरंभ केला.

म्हणून पद्धतीची निवड सेवेच्या स्वरूपानुसार व्हावी. सतत बदलणारी माहिती संकेतस्थळावरून दाखविणे योग्य. परंतु अर्ज भरण्याची सोय फोनसाठीच रचलेली, संपर्क तुटला तरी मजकूर जपणारी आणि मातृभाषेत असावी. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत मोबाईल ॲपचाही विचार आहे.

ई-प्रशासनाचे यश मोजताना ॲपच्या संख्येबरोबरच नागरिकाचा किती वेळ व पैसा वाचला, याचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.